टाकीतली खुर्ची

१

आमचं काम ठरलेलं होतं. अनुष्का आत बसायची आणि मी बाहेर.

सकाळी आमच्या राई गावाहून बसने भाईंदर स्टेशनला यायचं, पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं, तिथून रिक्षाने पूनम सागर. मागच्या गल्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावर ते सेंटर होतं. शेजारी चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर शिकवणी. पोरं पाढे म्हणायची ते खाली ऐकू यायचं.

बसमध्ये चढण्याआधी अनुष्का रोज विचारायची, "आजा, मध्येच उतरावं लागलं तर?"

"उतरू."

"आणि दुसरी बस लवकर आली नाही तर?"

"चालू. आपल्याला कुठं लग्नाला जायचंय?"

माझी नात एकोणीस वर्षांची. तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या. शौचाला रक्त जायचं. कळ आली की क्षणभर थांबता येत नसे, म्हणून रस्त्यावरचं प्रत्येक शौचालय तिला पाठ होतं. कॉलेज सुटलं. औषधांनी चेहरा फुगला आणि बाकीचं अंग वाळत गेलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, सूज आटोक्यात आली नाही तर आतडं काढावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल. त्याआधी, औषधं चालू ठेवून, एक उपाय करून पाहू. दाबाखाली ऑक्सिजन द्यायचा. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, हेही त्या म्हणाल्या. पण माझ्या मुलाने, जितेंद्रने, 'उपाय' एवढाच शब्द घरी आणला.

तो आणि सून भाविका, दोघंही नोकरीला. म्हणून सोबतीला मी.

ते यंत्र म्हणजे एक पांढरी लोखंडी टाकी. पाण्याच्या टँकरसारखी आडवी, बाजूला जाड काचेच्या गोल खिडक्या. आत समोरासमोर खुर्च्या. माणसांनी बसायचं, तोंडाला मास्क लावायचा, मग दार लागायचं आणि हवा भरली जायची. ते सगळं सुयोग बघायचा. चाळिशीतला माणूस, बोलका.

"दादा, समजा पोरगी समुद्राच्या तळाला जाऊन बसली," त्याने पहिल्या दिवशी मला समजावलं. "तेवढा दाब. कान बंद होतात, मग आवंढा गिळायचा. बाकी काय नाय."

दाराला कडी दिसली नाही म्हणून मी विचारलं.

"कडी कशाला? हवाच धरून ठेवते. आतला दाब उतरल्याशिवाय हत्ती लावलात तरी उघडायचं नाही."

हे मला पटकन कळलं. आमच्या मिठागराच्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं, फळकूट असंच असायचं. भरतीचं पाणी त्याला बाहेरून दाबून धरायचं. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय ते हलत नसे.

टाकीच्या बाहेर, खिडकीच्या बाजूला एक रिसिव्हर टांगलेला होता. आतलं माणूस मास्क सरकवून बोललं की त्यात ऐकू यायचं. दाबाखाली आवाज बदलतो. अनुष्काचा आवाज बारीक व्हायचा, नाकातून आल्यासारखा. पहिल्या दिवशी तिने त्या आवाजात मला सांगितलं, "आजा, मी कार्टून झालेय." आणि हसली. खूप दिवसांनी हसली होती.

तिच्या समोर हंसाबेन बसायच्या. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड तरणं.

"दादा, इसको बोलो ढोकला खाये. पेट एकदम सीधा हो जायेगा."

"हंसाबेन, ढोकला खाके ही तो टेढ़ा हुआ," अनुष्का म्हणायची.

अनुष्काची खुर्ची शेवटची, खिडकीजवळची. मी बाहेर स्टुलावर बसायचो. मान वळवली की ती दिसायची. एक हात पोटावर, पायाचा अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर चढवलेला. लहानपणापासून तशीच बसते.

२

त्या दिवशी सगळे आत बसून बराच वेळ झाला होता. रिसिव्हर खरखरला. मी घेतला.

"आजा, मला जायचंय."

मी खिडकीतून पाहिलं. ती वाकली होती. कपाळ घामाने भिजलं होतं.

"सुयोगला सांग ना. प्लीज. आत्ता. आजा, आत्ता."

सुयोग हवेच्या चाव्या फिरवायला लागला. म्हणाला, "उतरवतो, पण हळूहळूच उतरवावं लागतं. एकदम उघडलं तर आतल्या सगळ्यांच्या छातीला धोका. दादा, तिला बोलत ठेवा."

आत दुसरी माणसं होती. हंसाबेन तोंड दुसरीकडे वळवून बसल्या होत्या, म्हणजे पोरीला लाज वाटू नये. टाकीत बादली होती, पडदा होता, पण तिने मान हलवली. ती रडत होती. "आजा, दार उघड. तू उघड."

माझा हात दारावर गेला होता. थंड लोखंड. मी काय करणार?

मग माझ्या तोंडून आमचं मिठागरावरचं वाक्य निघालं. लहानपणी आम्हाला आई-बाप मिठागरावर न्यायचे. भरती चढायला लागली की मोठी माणसं उघाडीकडे धावायची. तेव्हा पोरांना उंच बांधावर बसवून सांगायचे, 'इथं बस. मी हाक मारीन तवाच ऊठ.' कारण बांध ओला होऊन कुठे खचेल सांगता येत नसे. पोर उठून चालायला लागलं की गेलं. आणि त्याला एक नियम होता. ज्याने बसवलं त्यानेच हाक मारून उठवायचं. दुसरं कुणी बोलावलं, सख्ख्या आईने बोलावलं, तरी उठायचं नाही. अनुष्काला हे मी गोष्टीसारखं कितीदा सांगितलं होतं. ती लहान असताना आम्ही अंगणात तसं खेळायचोही.

"बाय," मी म्हटलं, "ऐक. तू बांधावर हायस. बसून राहा. मी हाक मारीन तवाच ऊठ. तवर काय बी होणार न्हाय."

ती थांबली. खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली, हात पोटावर दाबला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात मला आठवलं, सेंटरच्या शौचालयात कोणीतरी गेलेलं आहे. मी धावलो. म्हणजे माझ्या वयाचा माणूस धावतो तसा. दार ठोठावलं, आतल्या माणसाला विनवलं, तो पुटपुटत बाहेर आला. मी दार उघडं धरून उभा राहिलो, हातात तिचे दुसरे कपडे घेऊन.

अनुष्का आली. चालत आली.

"राहू दे, आजा," ती म्हणाली. "गेली कळ."

मागून सुयोग म्हणाला, "मीच बोलावलं तिला. बसूनच होती. दोनदा हाक मारली तेव्हा उठली."

मी देवाचे आभार मानले. घरी जाताना ती बसमध्ये झोपली. मध्ये कुठेही उतरावं लागलं नाही.

३

त्या दिवसापासून ती बरी होत गेली.

रक्त थांबलं. ती भात मागून घ्यायला लागली. मग एकदा भाविका ओरडत असताना तिने माझ्या ताटातली बोंबलाची चटणी बोटाने उचलून खाल्ली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून दुसऱ्या दिवसाची वाट पाहत राहिलो. काही झालं नाही. जितेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडला. मोठा पुरुष माणूस, ऑफिसचे कपडे अंगावर.

"बाबा," तो मला म्हणाला, "तुम्ही नेलंत म्हणून."

मी सुखात होतो, हे खरं सांगतो. बारीकसारीक गोष्टी दिसत होत्या, पण बरा होणारा माणूस बदलतोच. ती बसमध्ये चढताना काही विचारीनाशी झाली. आता ती खिडकीतून बाहेर बघायची आणि मला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची. तिचा हात पोटावर जात नसे. बसताना पाय सरळ जमिनीवर. आजार गेला की सवयी जातात. कोण तक्रार करील?

टाकीत तिने खुर्ची बदलली. दाराजवळची घेतली.

"का गं?"

"तिकडे गार वाटतं."

हंसाबेनचंही तेच म्हणणं. "सुयोगभाई, उस कोने में एसी का कुछ करो ने. पैर ठंडा पड़ जाता है."

"बेन, आत एसीचा झोत नाही तिकडे," सुयोग म्हणायचा. शेवटची खुर्ची रिकामी राहायला लागली. नवीन माणूस आला तरी दोन दिवसांत दुसरीकडे सरकायचा. कोणी कोणाला काही बोलत नव्हतं.

एका सकाळी अनुष्का कपडे बदलायला गेली होती. सुयोग हंसाबेनना हाताला धरून आत बसवून बाहेर आला होता. दार उघडंच होतं. हंसाबेन आतून मला म्हणाल्या, "दादा, आज तो आपकी पोती मेरे से भी पहले आके बैठ गयी. शाबाश."

मी म्हटलं, "वो तो कपड़ा बदल रही है."

हंसाबेननी समोर पाहिलं. त्यांना तसंही नीट दिसत नाही. त्यांनी आपले गुडघे थोडे बाजूला घेतले, समोरच्याला जागा करून द्यावी तसे, आणि मास्क लावून घेतला.

४

सगळी माणसं बाहेर आली की सुयोग दार उघडं टाकून आत पुसायला जायचा. त्या दिवशी त्याचं पुसून झालं होतं आणि तो पुढे हंसाबेनना रिक्षात बसवत होता. अनुष्का बाकावर बसून चपला घालत होती. मला दिसत होती.

रिसिव्हर नीट टांगलेला नव्हता. मी तो टांगायला उचलला. त्यात बारीक घरघर होती, समुद्राकाठी असते तशी. मी खाली ठेवणार होतो.

"आजा, उठू का आता?"

बारीक आवाज. नाकातून आल्यासारखा. दाबाखालचा.

मी अनुष्काकडे पाहिलं. ती चपलेचा पट्टा लावत होती. तोंड मिटलेलं. टाकीचं दार सताड उघडं. आत दिव्याखाली सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"आजा?"

मी रिसिव्हर ठेवून दिला.

"काय झालं?" अनुष्काने विचारलं.

"काय न्हाय. तार लोंबत होती."

५

माझ्या उजव्या कानात मशीन आहे. ते कधी शीळ घालतं, कधी रस्त्यावरचे आवाज जवळ आणतं. मी स्वतःला समजावलं की आतला जुना आवाज कुठेतरी अडकून राहिला असेल. रेडिओत राहतो तसा. मी शिकलेला नाही, मला काय कळतं? दुसऱ्या दिवशी मशीन काढून खिशात ठेवलं आणि डाव्या कानाने ऐकलं.

"आजा, मी उठले नाही हां. सुयोगने बोलावलं तरी नाही उठले."

मशीनशिवाय मला जितेंद्रचंही नीट ऐकू येत नाही. हे स्वच्छ आलं.

रविवारी जितेंद्र सोबत आला होता. त्याला म्हटलं, जरा हे कानाला लाव. त्याने लावलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"घरघर आहे, बाबा."

"अजून ऐक."

त्याने ऐकलं. माझ्यासाठी म्हणून जास्त वेळ ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही दमलात. उद्यापासून भाविका रजा घेईल."

"नको," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.

तेव्हा मला सगळं कळलं असं नाही. अजूनही कळलेलं नाही. एवढंच समजलं की मी तिला बसवलं होतं आणि हाक मारली नव्हती. मी कपडे घेऊन शौचालयाच्या दारात उभा होतो. तिला उठवलं दुसऱ्याने.

मग साधंच काम होतं. हाक मारायची. एका दुपारी सगळे पुढे असताना मी रिसिव्हर घेतला. नाव ओठांवर आलं होतं.

"दुखतंय का, बाय?" मी आधी विचारलं. का विचारलं कोण जाणे. सवयीने.

"हो. खूप. रक्त पण आहे." मग ती थोडा वेळ नुसतीच कण्हली. ते कण्हणं मला पाठ होतं. आजारपणात ती उशीत तोंड खुपसून तशी कण्हायची, आईबापाला कळू नये म्हणून. "पण मी बसलेय. तू सांगितलंस ना."

मी नाव घेऊ शकलो नाही.

ती उठली तर कुठे येणार? तिला यायला एकच घर होतं. त्या घरात आता एक मुलगी बोंबलाची चटणी खाऊन हसत होती, नवे कपडे घट्ट होतात म्हणून आईशी भांडत होती. तिच्या अंगात ते सगळं परत येणार. कळ, रक्त, पोटावरची पिशवी. की तसं काही नसेल? मी कोणाला विचारू? डॉक्टरीणबाईंना? देवळात गेलो, हात जोडून उभा राहिलो, आणि काय मागायचं ते सुचेना. माझी नात बरी होऊ दे, हे मागून झालं होतं. ते मिळालं होतं.

मी रोज जात राहिलो आणि रोज तिच्याशी बोलत राहिलो. थोडंच. सुयोग बाजूला असेल तर नुसतं ऐकायचो. ती विचारायची, भरती उतरली का? मी म्हणायचो, अजून न्हाय.

६

दुर्बिणीने तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आतडं दाखवलं. मला ते गुलाबी, ओलं, जिवंत दिसलं. जखमा भरत आल्या होत्या. औषधं चालू ठेवायची, पण दाबाचा ऑक्सिजन आता बस झाला. भाविकाने त्यांचे पाय धरायला वाकून त्यांना लाजवलं.

शेवटच्या दिवशी हंसाबेननी अनुष्काच्या तोंडात आपल्या हाताने ढोकळा भरवला. "देखा? मैंने बोला था ने." सगळे हसले. मग सुयोग त्यांना सोडायला पुढे गेला आणि अनुष्का कपडे बदलायला.

मी टाकीजवळ गेलो. दार उघडं होतं. दारातून आत पाहिलं. शेवटची खुर्ची रिकामी, पुसलेली, तिच्यावर दिव्याचा चट्टा.

मग बाजूला जाऊन खिडकीतून पाहिलं.

काच आतून धुरकट झाली होती. बाकीच्या खिडक्या कोरड्या होत्या. धुक्याच्या खाली, जिथे काच जरा साफ राहिली होती, तिथे मला दोन पाय दिसले. हडकुळे, जवळ घेतलेले. एक अंगठा दुसऱ्यावर चढवलेला. वर पाहायची माझी हिंमत झाली नाही. पाहिलं असतं तर धुक्यातून काय दिसलं असतं, तेही मला माहीत नाही.

मी रिसिव्हर कानाला लावला.

"आजा, तू आज लवकर आलास."

"हो, बाय."

"पाणी उतरलं?"

आज शेवटचा दिवस आहे, हे तिला कसं सांगणार? उद्यापासून या गल्लीत यायला मला कारण नव्हतं. जे करायचं ते आत्ताच. मी घसा साफ केला. तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

माझ्या हातावर हात पडला. अनुष्का मागे उभी होती. केस विंचरलेले, गालांवर रंग. किती सुंदर दिसत होती माझी पोर. ती खिडकीकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती.

"तिला हाक मारू नको, आजा," ती हळू म्हणाली.

"कोणाला, बाय?"

तिचे डोळे भरून आले. "मला परत ते नको. मी काही केलं नाहीये. मला नुसतं जगायचंय. प्लीज, आजा."

तिचा हात गरम होता, भरलेला. मनगटाची नाडी माझ्या बोटांना लागत होती. हे माझंच रक्त होतं, याबद्दल मला शंका आली नाही. मी कुठेतरी राग शोधत होतो, भीती शोधत होतो. मला फक्त माया सापडली, आणि ती दोन्हीकडे सारखी होती.

रिसिव्हरमधून ती म्हणाली,

"आजा? तुझ्याजवळ कोण आहे?"

अनुष्काने माझा हात घट्ट धरला. वरच्या शिकवणीत पोरं पाढे म्हणत होती. पुढे सुयोग कोणाला तरी 'या, या, बसा' म्हणत होता.

"कोणी न्हाय," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग बसते मी."